खोली दोनचा अलार्म

नोटीस टाइप होऊन टेबलावर पडली होती. तिला सॉफ्टवेअरचा रिपोर्ट जोडायचा आणि त्यावर माझी सही घ्यायची, एवढ्यासाठी राऊतसाहेबांनी मला उमरोळीहून बोईसरला बोलावलं होतं. राऊतसाहेब म्हणजे एमआयडीसीतल्या एका मासळीच्या कोल्ड स्टोरेजचे मॅनेजर. मी प्रोग्रॅमर. अशा छोट्या कारखान्यांची सॉफ्टवेअरं लिहिण्यात माझी पंचवीस वर्षं गेली. त्यातली निम्मी साहेबलोकांना प्रिंटआउट म्हणजे वेदवाक्य नव्हे, हे समजावण्यात गेली.

नोटीस हिराताईंच्या नावाची होती. हिराताई चिंचणीच्या, मच्छीमार घरातल्या, खोली नंबर दोनच्या ऑपरेटर. दार वारंवार उघडं ठेवून मालाचं नुकसान केलं, हा आरोप. आधी दोन नोटिसा झाल्या होत्या. ही तिसरी, म्हणजे उद्यापासून येऊ नका.

मी म्हटलं, सही करण्याआधी जरा बघते.

"बघायचं काय त्यात, मॅडम? सिस्टिम खोटं बोलते का?"

ही सिस्टिम मूळची माझीच. चार फ्रीझर खोल्या, प्रत्येकीत चार सेन्सर. दर मिनिटाला सोळा तापमानं नोंदली जातात. एखादा सेन्सर दहा मिनिटं गरम दिसला की रिपोर्टमध्ये त्या खोलीसमोर 'दार उघडं' असा अलार्म छापला जातो. तीन महिन्यांपूर्वी हेड ऑफिसने पुण्याचा एक कन्सल्टंट आणून प्रत्येक खोलीत दाराजवळ पाचवा सेन्सर बसवून घेतला. सॉफ्टवेअरमधला बदलही त्यानेच केला. मला कोणी विचारलं नाही. हिराताईंच्या नोटिसा त्यानंतरच सुरू झाल्या, पण ही साधी गोष्ट ऑफिसातल्या एकाही पदवीधराच्या लक्षात आली नव्हती.

हिराताई खोली दोनच्या बाहेर जाड जॅकेट घालून उभ्या होत्या. रडत नव्हत्या, चिडलेल्या होत्या.

"मॅडम, कागद नका बगू, चौकट बगा," त्या म्हणाल्या. "दार उगडं रायलं का बाहेरची दमट हवा आत शिरते, न् चौकटीवर बर्फ धरतो. माज्या चौकटीवर हाय का? आता एक नंबरची बगा."

मी बोट फिरवलं. खोली दोनची चौकट कोरडी, रबर स्वच्छ. खोली एकच्या चौकटीवर बोटभर जाडीचा बर्फ, खाली लादीवरही घसरण. ही चौकट ऑफिसच्या दारापासून दहा पावलांवर आहे. तीन महिने रिपोर्ट वाचणाऱ्यांपैकी कोणी तेवढी पावलं चाललं नव्हतं.

मग मी एक साधी टेस्ट केली. खोली एकचं दार बारा मिनिटं उघडं ठेवलं, बाकी तीन बंद. केबिनमधल्या स्क्रीनवर खोली एकचा पाचवा सेन्सर बरोबर चढताना दिसला. रिपोर्ट काढला, तर अलार्म खोली दोनला.

राऊतसाहेबांनी लगेच निकाल दिला की इलेक्ट्रिशियनने वायर उलटी जोडली असणार. चूक शोधायची झाली की यांची नजर आपोआप खाली जाते. वायर उलटी असती तर स्क्रीनही चुकला असता, हे मी त्यांना दोनदा सांगितलं. मग कोड उघडला.

आता हे जरा समजून घ्या, अवघड नाही. प्रोग्रॅममध्ये आपण तक्ता करतो, आडव्या रांगा आणि उभे रकाने. त्याला ॲरे म्हणतात. पण कॉम्प्युटरच्या मेमरीत तक्ता नसतो, एकच लांबलचक ओळ असते. तो तक्ता फंक्शनला, म्हणजे एखादं काम करणाऱ्या कोडच्या तुकड्याला, दिला की त्याला फक्त ओळ कुठून सुरू होते एवढंच कळतं. एका रांगेत किती आकडे, हे आपण सांगावं लागतं. लग्नाच्या पंगतीत पाच-पाच माणसांची घरं ओळीने बसली आहेत, आणि वाढप्याला कोणी सांगितलं की दर चार माणसं म्हणजे एक घर. मग पहिल्या घरातला पाचवा दुसऱ्या घरात मोजला जातो, दुसऱ्यातला तिसऱ्यात, आणि शेवटच्या घराची माणसं मोजायचीच राहतात.

तेच झालं होतं. तक्ता पाच रकान्यांचा झाला, रिपोर्टचं फंक्शन मात्र अजून चारच धरून बसलं होतं. खोली एकच्या दाराचा आकडा खोली दोनच्या खात्यात जात होता.

अशा वेळी कंपायलर, म्हणजे कोड मशीनच्या भाषेत बदलणारा आणि बदलताना तपासणारा प्रोग्रॅम, वॉर्निंग देतो. त्याने दिलीही होती. कन्सल्टंटने ती वाचून विचार केला असता तर पाच मिनिटांचं काम होतं. त्याने कास्ट लावला. कास्ट म्हणजे कंपायलरला सांगायचं, गप्प बस, मला कळतं. शेजारी कॉमेंट होती, 'वॉर्निंग काढली.' मी त्याला फोन केला. तो शांतपणे म्हणाला की त्याच्याकडून क्लीन बिल्ड, म्हणजे एकही वॉर्निंग नसलेला प्रोग्रॅम, गेला होता. लादी पुसून घाण गालिच्याखाली सारणारा माणूसही याच थाटात बोलत असेल.

पण फंक्शनमधला तो चार माझा होता, हे मला लपवता येत नव्हतं. रकाने किती, हे फंक्शनला दर वेळी बाहेरून सांगता आलं असतं. मी आकडा सरळ आत ठोकून दिला. तेव्हा वाटलं होतं, ही मंडळी पाचवा सेन्सर कशाला घेतील?

मूळ नोंदी शाबूत होत्या. चाराचा पाच केला, कास्ट काढला आणि तीन महिन्यांचे रिपोर्ट पुन्हा छापले. खोली दोन कोरी निघाली. अलार्म सगळे खोली एकचे, बहुतेक सकाळी अकरा ते बारा. त्या वेळेला राऊतसाहेब गिऱ्हाइकांना पापलेट दाखवायला नेतात आणि दारात उभं राहून एक्सपोर्ट क्वालिटीवर भाषण देतात. ऑफिसात सगळ्यांना हे ठाऊक होतं. सगळे खाली बघत होते.

साहेबांनी कागद चाळले आणि बाजूला ठेवले. "सिस्टिमवर एवढा विश्वास ठेवून चालत नाही, मॅडम."

नोटीस फाडली गेली. माफीबिफी नाही. हिराताई मात्र हलल्या नाहीत.

"पयल्या दोन नोटिशी घरी पोस्टानं आल्या," त्या म्हणाल्या. "पोस्टमननं आळीत सगल्यांसमोर दिल्या. सासऱ्यानं वाचून घेतल्या. माजी चूक नव्हती, हे पन पोस्टानंच येऊ द्या."

कंपनीकडे तशा पत्राचा फॉरमॅट नाही, असं साहेबांनी सांगितलं. नोटिशीचा होता. मग मीच माझ्या लेटरहेडवर लिहिलं: हिराताईंनी दार नीट लावलं होतं, चूक सॉफ्टवेअरची, त्यातली अर्धी माझी. लिहिताना मला फार मोठेपणा वाटत होता. हिराताईंनी पत्र सावकाश, बोट फिरवत वाचलं.

"मंग दार कोनी उगडं ठेवलं, ते नाय लिवलं तुमी."

मी दिवसभर सगळ्यांना मनातल्या मनात शिव्या घालत होते, आणि ते एक वाक्य मीही गाळलं होतं. मेंटेनन्सचं काम पुढच्या वर्षीही हवं होतं ना. मला स्वतःचीच लाज वाटली. वाक्य लिहिलं, नावासकट. पत्र बोईसरच्या पोस्टातून चिंचणीला गेलं.

हिराताई अजून खोली दोनवर आहेत. मेंटेनन्सचं काम आता पुण्याच्या कन्सल्टंटकडे आहे. धडा म्हणाल तर एवढाच: जे सांगायला हवं ते पुरतं सांगा, फंक्शनला आणि माणसांनाही. तुम्ही गाळलेलं वाचणारा मनाने भरून घेतो, आणि बहुधा जो समोर उभा असेल त्याच्याच नावावर टाकतो.