सोजरबाईच्या जागेची माती

माझी आजी सोजरबाई बहात्तरच्या दुष्काळात गेली. तिचा फोटो न्हाई, कुठल्या गावात तिची नोंद न्हाई. आमचं घराणं मेंढरांमागं हिंडणारं. तिचा जलम एका माळावर, लगीन दुसऱ्यावर. तीन दगडांच्या चुलीवर भाकरी थापायची, घोड्यावर बिऱ्हाड बांधायची, चालता चालता पोरं वाढवायची. झालं. एवढ्यात आख्खी बाई संपली! संताप येतो मला.

त्या साली चारा संपला, निम्मी मेंढरं मेली. सरकारनं रस्त्याची कामं काढली, तवा आजी निमोण्याजवळ खडी फोडायला जायची आन् तिथं खायला मिळालेली सुकडी पोरांना चारायची. पुढं मांडवगण फराट्याच्या शिवारात ताप भरला, त्यातच गेली.

वाटेवर माणूस गेलं की आमच्यात तिथंच पुरायचे आन् रातभर त्या जागेवर मेंढरं बसवायचे, कोल्ह्यानं उकरू नये म्हणून. आजोबांनी तसंच केलं. माझे वडील, आण्णा, तवा पाच-सहा वर्षांचे. त्यांच्याच हातात काठी देऊन मेंढरं वळवायला लावली. सकाळपस्तोर जमीन अशी तुडवली गेली की खूण म्हणून राहिली न्हाई. मेंढरं पुढं निघाली, मागनं आण्णाबी.

औंदा आम्ही खुटबावला स्लॅबचं घर बांधलं. देव्हाऱ्यात आजीचा चांदीचा टाक बसवायचा, त्याखाली तिच्या जागेची मूठभर माती पाहिजे, असं आण्णा धरूनच बसले.

"आण्णा, पन्नास वर्षं झाली. आता काय घावतंय तिथं?" मी खेकसलो. ऐकतील तर शपथ! काढली गाडी.

मांडवगणात जिकडं बघावं तिकडं ऊस. माळ कवाच जेसीबीनं सपाट केलेला. जमिनीचे मालक सोपानराव भला माणूस, बांधावर चहा घेऊन आले.

"वडील सांगायचे, धनगराची बाई पुरलीय म्हणून," ते म्हणाले. "पर या पट्टीत का पल्याडच्या, ते त्यांनाबी ठावं नव्हतं. कुठलीबी माती न्या मामा, आमची काय हरकत न्हाई."

"कुठलीबी कशी नेऊ?" आण्णा बांधावरच बसले. चहा हातात निवत चालला.

"माती ती माती! घ्या मूठभर आन् चला," मी म्हणालो. ऊन डोक्यावर आलं होतं आन् माझं डोकं फिरलं होतं.

"मेंढरं म्याच फिरवली रं तिच्यावरनं," आण्णा म्हणाले.

मी त्यांच्या हातातला निवलेला चहा घेऊन बांधावर ठेवला.

थोड्या येळानं ते आपणहून उठले, उसाकडं तोंड करून उभे राहिले.

"हाक मारून बघू का तिला?"

"मारा आण्णा."

त्यांनी तोंड उघडलं आन् ते तसेच राहिले. मग माझ्याकडं वळले. डोळ्यांतनं पाणी वाहत होतं.

"तिला काय म्हणून हाक मारायचो, त्येच आठवंना रं," ते म्हणाले.