'आराम' आणि 'आराम से'

"अम्मा, न्यूमोनिया तो खलास. लेकिन ये मसल लॉस है," माझी पोटरी चाचपत शारजातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मसल लॉस म्हणजे स्नायू झडणं. पडून राहिलं आणि पोटाला पुरेसं मिळालं नाही की म्हातारपणी ते भराभर झडतात. "चलते नहीं क्या?"

"आप ही तो आराम बोला," मी माझ्या मोडक्या हिंदीत म्हणाले.

"मैंने बोला था, आराम से चलाओ!" त्यांनी माझ्या मुलाकडे पाहिलं. नितीनने मान खाली घातली.

त्याच्या काही आठवडे आधीची गोष्ट. हॉस्पिटलमधून सुटताना मी व्हीलचेअरवर बाहेर होते, नितीन एकटाच आत बोलून आला. "आई, डॉक्टरांनी आराम सांगितलाय." मराठी माणसाला आराम म्हणजे अंथरूण. मी निमूट पडून राहिले. सून प्रेमाने पेज आणि मोसंबीचा रस द्यायची. उठू लागले की नात ओरडायची, "आजी, डोन्ट गेट अप! बाबा सेड नो!" नितीन आणि सून ऑफिसला जाताना बजावायचे, बेल वाजली तरी उठायचं नाही. दुपारसाठी खाटेखाली भांडं. पुढे पुढे तर सुनेच्या खांद्याशिवाय उभंही राहवेना. मला वाटलं, वय झालं.

गाडीत मी विचारलं, "चुकीचं ऐकलंस की मुद्दाम तसं सांगितलंस?"

"आई, आम्ही दोघं ऑफिसात. एकटी असताना पडली असतीस तर? बेडवर होतीस म्हणजे टेन्शन नव्हतं."

त्याचं टेन्शन वाचावं म्हणून माझे पाय गेले. पोटच्या पोराने केसाने गळा कापला.

मग बाईंनी सांगितलेलं सुरू केलं. प्रत्येक जेवणात डाळ, अंडं, पनीर, दही यातलं काहीतरी. खुर्चीतून उठायचं, बसायचं, आधी हात टेकून, मग न टेकता. ओट्याला धरून चवड्यांवर उभं राहायचं. पहिल्या दिवशी मला खुर्ची सोडवेना. रडले.

तुम्ही माझ्या वयाच्या असाल तर डॉक्टरांच्या खोलीत स्वतः जा. आपल्या पायांविषयीचं बोलणं आपल्या कानांनी ऐका. त्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही. नितीनला माफ केलं का? अजून नाही.

संध्याकाळी किल्ली त्याच्या खिशात असते. तरी तो बेल दाबतो आणि बाहेर थांबतो. मी उठते, जाऊन दार उघडते. आराम से. थांबू दे त्याला जरा.