नागिसा हलली नव्हती

मात्सुमोतो शहरातल्या आमच्या गल्लीत माझ्या लाँड्रीसमोर मोमोसे-सानांचं तातामीचं दुकान आहे. घरात अंथरायच्या त्या गवताच्या जाड चटया शिवण्याचं काम त्यांच्याकडे आजोबांपासून चालत आलेलं. माणूस कमी बोलणारा. कपडे कितीही धुतले तरी त्यांतून गवताचा वास जात नसे. त्यांना शौक म्हणावा असा एकच, फोटोंचा. काकांकडून आलेला रेंजफाइंडर कॅमेरा त्यांनी जिवापाड जपला होता. त्याच्या खिडकीला डोळा लावला की एकाच गोष्टीच्या दोन प्रतिमा दिसायच्या. लेन्सवरचं कडं फिरवत त्या एकावर एक बसवायच्या, की फोकस झाला. शटरचा आवाज तर इतका बारीक, की शेजारी बसलेल्या माणसालाही फोटो निघाल्याचं कळू नये.

त्यांना दोन मुली. थोरली चिहारू, धाकटी नागिसा. चिहारू लहानपणापासून पारंपरिक नाच शिकत होती आणि चांगली नाचत होती. दर शरद ऋतूत तिच्या गुरुबाई शहराच्या सभागृहात कार्यक्रम करायच्या. तिथे फ्लॅशला सक्त मनाई, आणि रंगमंचावरचा उजेड पहाटेसारखा निळसर, मंद. मोमोसे-सानांच्या जुन्या लेन्सने काढलेल्या फोटोंत काळोखच जास्त यायचा. त्यात कुठे एखादी बाही, कुठे हातातल्या पंख्याची कड.

तेव्हा त्यांनी ठरवलं, की अंधारातही बघणारी लेन्स घ्यायची.

एका रविवारी ते तोक्योला निघाले. त्यांची बायको फुमिए रविवारी लोणच्यांच्या दुकानात कामाला जायची, म्हणून दोघी मुलींनाही बरोबर घ्यावं लागलं. चिहारू तेव्हा अकरा वर्षांची, नागिसा सात. तिथल्या शिंजुकू भागात एका जिन्याच्या टोकाला सेगावा नावाच्या म्हाताऱ्यांचं जुन्या कॅमेऱ्यांचं दुकान होतं. सेगावांनी ऐकून घेतलं, मखमलीचा तुकडा अंथरला आणि त्यावर तीन लेन्स मांडल्या.

"ही दोनची," त्यांनी सगळ्यात लहान लेन्स पुढे सरकवली. "साधी आहे, पण कधी दगा देणार नाही. ही एक पूर्णांक चारची, हिच्यात दुप्पट उजेड येतो. आणि ही एकची. आकडा जितका लहान, तितकी लेन्स जास्त उजेड घेते."

तिसरी लेन्स चहाच्या पेल्याएवढी होती. समोरची काच इतकी मोठी, की मोमोसे-सानांना तिच्यात दुकानाची सगळी खिडकी वाकून बसलेली दिसली.

"हीच," ते म्हणाले.

"एवढी घाई नको," सेगावा म्हणाले. "तुम्हाला नक्की कशाचे फोटो काढायचेत?"

"मुलीच्या नाचाचे."

"मग मधली घ्या. ही तिसरी अंधारात बघते हे खरं, पण एका वेळी दोन बोटांच्या जाडीएवढंच बघते. त्याच्या पुढचं-मागचं सगळं विरघळून जातं. हिच्यात दर वेळी ठरवावं लागतं, कोण हवं आणि कोण नको."

"मला मुलगीच हवी आहे ना."

सेगावांनी बाकावर बसलेल्या दोघींकडे पाहिलं. त्यांनी कॅमेऱ्यात रोल भरून दिला. "तिन्ही लावून बघा. खाली तासाभरात फोटो धुऊन मिळतात."

मोमोसे-सानांनी दोघींना तिथेच, बाकावर एकमेकींना खेटून बसवलं. चिहारू थोडी पुढे होती, नागिसा वीतभर मागे. तिन्ही लेन्सनी फोटो काढले. मग खाली जाऊन नूडल्स खाल्ले आणि पाकीट घेऊन पुन्हा वर आले.

दोनच्या लेन्सच्या फोटोत दोघी होत्या, मागची कपाटं होती, कपाटांतल्या कॅमेऱ्यांचे पट्टेही होते. कचेरीतल्या नोंदीसाठी काढावा तसा फोटो. एकच्या लेन्सचा फोटो हातात घेतला आणि मोमोसे-सान तो खाली ठेवीनात. चिहारूची पापणीन्‌पापणी मोजता येत होती. गालावर दुकानातल्या ट्यूबलाइटचा उजेड होता, पण तो चंद्राचा वाटत होता. बाकी काहीच नव्हतं. कपाटं गेली होती, भिंत गेली होती. आपली मुलगी अशी दिसते हे त्यांना आजवर माहीत नव्हतं.

नागिसाने टाचा उंचावून फोटोत डोकावलं. चिहारूच्या कानामागे दूध सांडल्यासारखं काहीतरी होतं, त्यावर तिने बोट ठेवलं.

"ही मी आहे का?"

"हो."

"मग मी अशी का आलेय?"

समजावून सांगायला अवघड नव्हतं. लेन्स अशीच आहे, तू मागे होतीस, मी फोकस ताईवर केला. पण ते म्हणाले, "तू हललीस."

"मी नाही हलले."

"थोडी हललीस. लहान मुलं हलतातच."

सेगावांनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं, आणि मग उगाचच मखमल झटकत बसले. मोमोसे-सानांचे कान तापले. पण लेन्स त्यांनी तीच घेतली, आणि त्या फोटोंचं पाकीट तिथेच सोडून आले.

त्या लेन्सने चिहारूचे फोटो असे आले, की गुरुबाईंनी ते वर्गात लावले. गावातल्या फोटो मंडळाने प्रदर्शनात मांडले. मोमोसे-सान मग घरीही तीच लेन्स वापरू लागले. जेवताना, सफरचंदाच्या बागेत, नव्या वर्षाला, दुकानात चिहारू सराव करत असताना. नागिसा असायचीच जवळपास. कधी शेजारी, कधी मागे तातामींच्या थप्पीवर बसलेली.

फोटो धुऊन आले की फुमिए चष्मा लावून बघायची. मुलींसारखंच तीही नवऱ्याला बाबाच म्हणायची. "बाबा, यात नागिसा कुठाय?"

"ही काय."

"हिचं नाक कुठाय मग?"

"हलली ती."

काही दिवस नागिसा वाद घालायची. मग तिने वाद घालणं सोडलं. पुढेपुढे फोटो बघायलाही ती यायची नाही.

एकोणीस वर्षांची झाल्यावर चिहारूने एक दिवस नाच सोडला. पाय दुखतात म्हणाली, आणि फुकुओकाला बंदरावरच्या एका कचेरीत नोकरीला लागली. मोमोसे-सानांच्या कॅमेऱ्यावर धूळ बसू लागली. नागिसा जवळच शिओजिरीला दातांच्या दवाखान्यात काम करायची. शांत मुलगी, माझ्याकडे कपडे घेऊन आली तरी काउंटरपाशी सरळ उभी राहायची. तिचं ओगुची नावाच्या मुलाशी लग्न ठरलं, आणि तिने घरी फोन केला.

"बाबा, लग्नात माझे लहानपणापासूनचे फोटो पडद्यावर दाखवणार आहेत. वीसेक लागतील. माझे."

"वीस कसले, ट्रंकभर आहेत," ते म्हणाले. फोन ठेवल्या ठेवल्या रस्ता ओलांडून माझ्याकडे आले आणि मलाही सांगून गेले. इतके खूश मी त्यांना क्वचित पाहिले होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकान बंद ठेवलं. शिवणाच्या फळीवर उजेडाची पेटी मांडली आणि भिंग घेऊन निगेटिव्ह बघायला बसले. जुन्या लेन्सच्या पट्ट्यांत फक्त चिहारूच्या नाचाचा काळोख होता. मग नव्या लेन्सची एक पट्टी, दुसरी पट्टी. चिहारूचा डोळा, चिहारूची मान, चिहारूच्या बोटांची टोकं. नागिसा प्रत्येक दुसऱ्या-तिसऱ्या फोटोत होती, आणि एकातही चेहरा म्हणावा असा नव्हता. जेवायच्या वेळेला त्यांनी फुमिएला हाक मारली नाही. तीच येऊन उभी राहिली.

"सापडले?"

त्यांनी भिंग तिच्या हातात दिलं. नागिसा दहा वर्षांची असतानाचा फोटो होता, नव्या वर्षाचा. पुढे चिहारू, मागे टेबलापाशी नागिसा, शेजारी किटली.

"किटली बघ," ते म्हणाले.

किटलीही नागिसाइतकीच विरघळली होती. हललेल्या माणसाची कड एका बाजूला ओढली जाते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. नागिसाची कड कुठेच ओढलेली नव्हती. पण त्यांना जे सोसत नव्हतं ते निराळंच होतं. चेहरा नसला तरी आकार कळत होता. पाठ ताठ, मान सरळ, दोन्ही हात गुडघ्यांवर. सातव्या वर्षीच्या एक-दोन फोटोंत ती वाकडीतिकडी बसलेली होती. त्यानंतर प्रत्येक फोटोत अशी. बागेत अशी, जत्रेत अशी, तातामींच्या थप्पीवरही अशीच.

"ती बसून राहायची," मोमोसे-सान म्हणाले. "हलू नये म्हणून."

फुमिए बराच वेळ भिंगातून बघत राहिली. "मला वाटायचं, तुम्हाला कळत असेल."

"ती हललेली नाही हे कळत होतं. हे नव्हतं कळलं."

"मग खरं का नाही सांगितलंत?"

त्यांनी पेटीचा दिवा बंद केला.

"मीही नाही बोलले कधी," ती म्हणाली. "तुम्ही इतके खूश असायचात. तेवढा दोष माझाही."

त्या आठवड्यात मोमोसे-सानांनी शिवलेल्या दोन चटया उसवून पुन्हा शिवल्या. मी विचारलं तेव्हा म्हणाले, माप चुकलं. त्यांचं माप चुकल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं.

मग ते शिओजिरीला नागिसाच्या खोलीवर गेले. आता नवे फोटो काढू, निदान एक तरी नीट देऊ, अशा विचाराने कॅमेरा गळ्यात होता. नागिसा खिडकीपाशी बसून सुकवायला पर्सिमनची फळं सोलत होती. साली तिच्या मांडीवर पडल्या होत्या, केस सुटले होते, आणि ती दवाखान्यातल्या कुणा रागीट म्हाताऱ्याची गंमत सांगत होती.

"तशीच बस," ते म्हणाले आणि कॅमेरा डोळ्याला लावला.

कॅमेऱ्याच्या खिडकीतल्या दोन प्रतिमा जवळ येत होत्या, तेवढ्यात नागिसाने सुरी खाली ठेवली. पाठ ताठ झाली. हात गुडघ्यांवर आले. ओठ मिटले. आपण काय केलं हे तिलाही कळलं नसावं.

मोमोसे-सानांनी कॅमेरा उतरवून जमिनीवर ठेवला.

"नागिसा, तू कधीच हलली नव्हतीस."

"काय?"

"फोटोंत. तू हलायचीस म्हणून नाही, मी फोकस चिहारूवर करायचो म्हणून तू तशी यायचीस. पहिल्या दिवसापासून मला माहीत होतं. तू विचारलंस आणि मी खोटं बोललो. मग तेच बोलत राहिलो."

नागिसाने मांडीवरच्या साली गोळा केल्या.

"मी श्वास रोखून धरायचे, बाबा," ती म्हणाली. "तुम्ही कॅमेरा उचललात की. डोळ्यांपुढे काजवे चमकेपर्यंत. मला वाटायचं, या वेळी नक्की जमलं."

"मला माफ कर." त्यांनी तातामीला कपाळ टेकवलं.

"उठा, बाबा. असं नका करू." तिचा आवाज चढला नव्हता. "विसांतला एकही नाही?"

"एकही नाही."

"ओगुचींच्या घरचे काय म्हणतील?" ती म्हणाली, आणि मग तिला रडू आलं. ते रडू ओगुचींच्या घरच्यांसाठी नव्हतं, एवढं त्यांना कळलं. पाठीवर हात ठेवावा असं वाटलं, पण तो हक्क आपल्याला आहे की नाही हे ठरेना, आणि ते तसेच बसून राहिले. निघताना तिने सोललेली फळं पिशवीत भरून दिली. माफ केलं, असं काही ती म्हणाली नाही.

फोटोंची अडचण चिहारूने सोडवली. नागिसाने तिला फोन केला होता. फुकुओकाहून एक जाड पाकीट आलं. शाळेच्या सहलीसाठी मिळायचे ना, एकदाच वापरायचे पुठ्ठ्याचे कॅमेरे, त्यांनी चिहारू लहानपणी बहिणीचे फोटो काढायची. घर सोडताना ते सगळे ती घेऊन गेली होती. मोमोसे-सानांनी फोन करून आभार मानले, तेव्हा तिने त्यांना सुनावलं.

"माझे चारशे फोटो काढलेत, त्यांतला एकही मी भिंतीवर लावलेला नाही. सगळ्यांत मीच एकटी. घरात आणखी कुणी नव्हतं का? माझे पाय दुखत नव्हते, बाबा. मला तुमचं ते माझ्या एकटीकडे बघणं नको झालं होतं."

लग्नाला मीही होते. आईवडिलांचं टेबल आमच्याकडे असतं तसं सगळ्यांत मागे, दाराजवळ. मोमोसे-सान कॅमेरा न घेता आले होते, आणि हात कुठे ठेवावेत हे त्यांना सुचत नव्हतं. दिवे मंद झाले आणि पडद्यावर नागिसा आली. कुत्र्यामागे धावणारी. तोंडभर भाताचा गोळा कोंबलेली. एका फोटोत तातामींच्या थप्पीवरून तिने उडी मारली होती, दोन्ही पाय हवेत, तोंड उघडं, आणि पुढपासून मागपर्यंत सगळं स्वच्छ. मागे शिवणाची फळी, भिंतीवरच्या सुया, आणि कोपऱ्यात पाठमोरे बसून लेन्स पुसणारे मोमोसे-सान.

लोक हसले. ओगुचींची आजी तर मोठ्यानं हसली. मोमोसे-सान हसले नाहीत. फुमिएने त्यांच्यापुढे रुमाल सरकवला, पण त्यांनी तो घेतला नाही. पडद्यावरून नजर काढायची त्यांची तयारी नव्हती.

पुढे एकदा मी विचारलं, ती लेन्स विकलीत का. "नाही," म्हणाले. "विकली असती तर सुटल्यासारखं झालं असतं."

गेल्या महिन्यात नागिसाने त्यांना नव्या घरी बोलावलं. एका खोलीत जुन्या तातामी खचल्या होत्या, त्या बदलायच्या होत्या. मोमोसे-सान माप घ्यायला गेले. फितीचं एक टोक त्यांनी धरलं, दुसरं तिने. खोली जुनी, कोपरे काटकोनात नाहीत, म्हणून चारही बाजू वेगवेगळ्या मोजाव्या लागल्या.

"रंग कुठला हवा काठाला?" त्यांनी विचारलं.

"तुम्हीच सांगा."

"मी नाही सांगणार. राहायचं तुम्हाला आहे."

तिने हिरवा निवडला. मग म्हणाली, "इथे जेवूनच जा, उशीर झालाय," आणि ते थांबले.