नको म्हणायचं चित्र

त्या बाईंचं नाव मी विचारलंच नाही. न बोलणाऱ्या, विशीतल्या लेकीला घेऊन त्या कुंभारीहून सोलापुरात, चित्रं दाखवून संवाद साधायला शिकवणाऱ्या आमच्या चित्रकार्डांच्या प्रशिक्षणाला आल्या होत्या. घरी विड्या वळायचं काम. माझं ऐकतानाही त्यांची बोटं पदराचं टोक वळत होती.

मी मोठ्या हौसेने कार्डं मांडली: जेव, झोप, आंघोळ कर, औषध घे. बाईंनी एकेक कार्ड निरखून पाहिलं आणि म्हणाल्या, "म्याडम, ही समदी आमी तिला सांगायची चित्रं हायेत की. तिला आमाला नको म्हणायचं असलं, तर त्ये चित्र कुटं हाय?"

इतकी वर्षं शिकवतेय मी हे. असं कार्ड कधी केलंच नव्हतं! लगेच कोरं कार्ड पुढे केलं. नको असलं की लेक स्वतःचा हात चावायची. बाईंनी तिचा तोच हात कार्डावर ठेवला आणि पेनाने भोवती रेघ ओढली.

मग दुपारभर एकच उद्योग. मी तिला नावडतं केळं पुढे करायचे, बाई तिच्या हाताने मला कार्ड द्यायला लावायच्या आणि मी केळं झटकन मागे घ्यायचे.

संध्याकाळी बाई पिशवी घेऊन उठल्या. "चल गं, बस जाईल."

लेकीने आपणहून कार्ड उचललं आणि आईच्या हातात ठेवलं.

"नको म्हनली! आवं म्याडम, पोरगी नको म्हनली की!" बाई हॉलभर ते कार्ड नाचवत फिरल्या. मग पिशवी खाली ठेवून लेकीशेजारी निवांत बसल्या.

बस गेली.