भोंग्याची घाई

आमच्या ह्यांना अख्खा बाजार भोंगा म्हणतो. मला त्याचं वाईट वाटत नाही, कारण खोटं नाही ते. घाऊक भाजीबाजारात तीस वर्षं लिलाव पुकारला ह्यांनी. लाकडी खोक्यावर उभं राहायचं आणि कोबीच्या ढिगापासून थेट फाटकापर्यंत ऐकू जाईल असं ओरडायचं. घरी आले तरी आवाज खाली उतरायचा नाही. जेवताना "मीठ दे" म्हणाले की वरच्या मजल्यावरची बाई वाटी घेऊन जिना उतरते की काय, अशी मला धास्ती.

असा माणूस रविवारी काय करायचा? पतंग उडवायचा. पण तुमच्या डोळ्यांसमोर येतोय तो नव्हे. हा कापडी, माझे दोन्ही हात पसरले तरी पुरणार नाहीत एवढा रुंद, आणि त्याला दोऱ्या दोन. दोन्ही मनगटांत पट्टे अडकवायचे. डावा हात ओढला की पतंग डावीकडे, उजवा ओढला की उजवीकडे. कोणी कोणाचा पतंग कापत नाही. चौघं ओळीत उभे राहतात आणि वर चार पतंग कवायत करतात. त्याच्या स्पर्धा असतात, पंच असतात, निकालावरून भांडणं असतात, सगळं रीतसर.

कवायत म्हटली की हुकूम आला, आणि हुकूम एकानेच द्यायचा. आधी काय करायचं ते सांगायचं, "उजवीकडे", आणि मग एक शब्द असा टाकायचा की चौघांचेही हात एकदम ओढले गेले पाहिजेत. ह्यांचा शब्द होता "हाण!" चारही पतंग एका क्षणात वळले की नाही, पंच मुख्यतः तेवढंच बघतात.

ह्यांच्या संघात एक दातांचे डॉक्टर, एक किल्ल्या बनवणारा आणि एक लायब्ररीत काम करणारी मुलगी. वारा नसला की ही मंडळी आमच्या दिवाणखान्यात. सोफा भिंतीला, टीपॉय बाल्कनीत. काठीच्या टोकाला कागदी पतंग लावून चार शहाणीसुरती माणसं एकमेकांभोवती गोल गोल फिरणार आणि हे मधोमध ओरडणार, "कात्री! हाण! जिना! हाण!" पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, झालं, ह्यांचं डोकं फिरलं. नंतर सवय झाली. त्यांच्या पायांतून वाट काढत मी चहाचा ट्रे आणायला शिकले.

आणि प्रत्येक सरावाचा शेवट ठरलेला. हे डॉक्टरांवर घसरणार. "डॉक्टर, पुन्हा उशीर! कवळी बसवताय का पतंग उडवताय?" डॉक्टर बिचारे गरीब गाय. "सॉरी कॅप्टन" म्हणून मान खाली घालायचे. स्पर्धेत दरवेळी पंच "एकसाथ नाही" म्हणून गुण कापायचे, आणि खापर फुटायचं डॉक्टरांच्या डोक्यावर. हे अकरा वर्षं चाललं.

मागच्या वर्षी ह्यांच्या घशात गाठ निघाली. साधी निघाली, देव पावला. पण काढताना आवाजाची एक नस दुखावली. आता बोलतात ते फुसफुसल्यासारखं, शेजारी बसलेल्यालाच ऐकू येतं, बाकीच्यांसाठी जवळ एक पाटी ठेवतात. डॉक्टरांनी, म्हणजे घशाच्या, बजावलं की ओरडायचं नाही, जोर लावायचा नाही, पूर्वीसारखा आवाज येईल ही आशा सोडा. बाजारात ह्यांना वजनकाट्यावर बसवलं. खोक्यावर दुसराच कोणी चढला. हे रोज कामावर जायचे, काटा बघायचे, घरी यायचे. तक्रार नाही, चिडचिड नाही. ह्या माणसाने चिडचिड करावी म्हणून मी मुद्दाम आमटी अळणी केली एकदा. मुकाट्याने जेवले. तेव्हा मात्र मला धडकी भरली.

संघाने पुष्कळ खटपटी केल्या. ह्यांनी पाय आपटायचा ठरलं, तर गवतावर कसला आवाज! शिट्टी आणली, तर पंचांचीही शिट्टीच, आणि सरावाला आजूबाजूची कुत्री जमा झाली ती वेगळीच. किल्लीवाल्याने हुकूम देऊन बघितला. त्याचा पतंग झाडात गेला. शेवटी एका संध्याकाळी ह्यांनी मनगटाचे पट्टे टेबलावर ठेवले आणि पाटीवर लिहिलं, "चौथा माणूस शोधा. माझं संपलं." लायब्ररीवाली रडायला लागली.

मी स्वयंपाकघरात होते. भेंडी चिरता चिरता माझं डोकंच सणकलं. मी तिथूनच म्हणाले, "हुकूम मी देते."

ह्यांनी पाटी पुसली आणि लिहिलं, "तुला पतंगातलं काय कळतं?"

बघा! सुंभ जळला तरी पीळ काही जात नाही. मी सुरी हातात घेऊन दारात आले आणि त्यांची सबंध कवायत म्हणून दाखवली. पहिल्या वळणापासून शेवटच्या उतरणीपर्यंत, कुठे किती दम घ्यायचा त्यासकट. अकरा वर्षं माझ्याच घरात ओरडत होतात ना, मला काय कान नाहीत? किल्लीवाल्याने टाळ्या वाजवल्या. डॉक्टर म्हणाले, "वहिनी, उद्यापासून या." ह्यांनी नियमांचं पुस्तक काढलं, मला बाद करायला. तर त्यात लिहिलेलं की हुकूम देणारा न उडवणाराही चालतो, नोंद केली आणि मागे उभा राहिला म्हणजे झालं. पुस्तक मिटलं.

माझंही थोडं सांगते. मी शाळेच्या बसवर असते. मुलांना चढवायचं, उतरवायचं आणि ड्रायव्हरला "चल" म्हणायचं. त्यात कसब एकच. पुढच्या पोराकडे बघायचं नाही, शेवटच्याकडे बघायचं. त्याचे दोन्ही पाय जमिनीला लागले की मग "चल". बावीस वर्षांत एक गुडघा फुटू दिला नाही मी. "हाण" काही माझ्या तोंडात बसेना, म्हणून मैदानातही मी "चल"च म्हणायला लागले.

तिसऱ्या का चौथ्या सरावाला माझ्या लक्षात आलं. मी "चल" म्हणायची, तीन पतंग वळायचे, आणि एक त्याआधीच वळलेला असायचा. तो आमच्या ह्यांचा. ह्यांनी पट्टे काढून पाटीवर लिहिलं, "डॉक्टर उशिरा."

"डॉक्टर नाही," मी म्हणाले. "तुम्ही लवकर."

केवढे डोळे वटारले माझ्यावर! मग लायब्ररीवालीने फोनवर चित्रण केलं आणि सगळ्यांना दाखवलं, अगदी सावकाश करून. माझा आवाज येण्याआधी ह्यांचा हात हललेला. एकदा नाही, दरवेळी. तिला आणखी काय सुचलं कोण जाणे, तिने तीन वर्षांपूर्वीच्या स्पर्धेचं चित्रण काढलं, ह्यांचा आवाज खणखणीत होता तेव्हाचं. त्यातही तेच. "हाण" मधला "हा" निघायच्या आत ह्यांचा पतंग वळलेला, आणि बाकीचे तीन, डॉक्टरांसकट, शब्दावर बरोब्बर. अहो, साधी गोष्ट आहे. शब्द ज्याच्या तोंडातून निघायचा, त्याला तो आधीच ठाऊक असतो. ह्यांनी जन्मात कधी दुसऱ्याचा हुकूम ऐकून पतंग वळवलाच नव्हता.

ह्यांनी ते चित्रण चार वेळा बघितलं. मग दोऱ्या गुंडाळल्या आणि घरी निघून गेले. दोन दिवस पाटीवरही अक्षर नाही.

तिसऱ्या दिवशी काट्यावरून सुटल्यावर हे तडक डॉक्टरांच्या दवाखान्यात गेले. नंबर लावला, रांगेत बसले, आत जाऊन खुर्चीवर आडवे झाले. हे मला डॉक्टरांनीच नंतर सांगितलं. त्यांनी दिवा लावून विचारलं, "कुठला दात?" हे म्हणाले, "दात नाही. अकरा वर्षं मी तुम्हाला उशिरा म्हणालो. तुम्ही वेळेवर होतात. चूक माझी होती." डॉक्टरांनी म्हणे आरसा पुसून हातात घेतला. मग म्हणाले, "आता आलाच आहात तर आ करा." एक दाढ किडलेली निघाली. ती भरूनच आले.

घरी आल्यावर माझ्या कानाशी फुसफुसले, "ही एक स्पर्धा. माझा हात पुन्हा आधी गेला तर पट्टे कायमचे खाली. संघाचे गुण मी खाणार नाही." तोंड बघून मला कळलं, हे उगाच म्हणत नाहीत. आणि ह्यांचे पट्टे खाली आले तर उरणार काय? एक वजनकाटा, आणि अळणी आमटी मुकाट्याने खाणारा माणूस. तो मला नको होता.

मग काय, महिनाभर घरात शिस्त. मी वाढायची आणि म्हणायची, "घास". ह्यांनी हात ताटावर धरून बसायचं. मी दम घ्यायची, कधी दोन क्षण, कधी दहा. मी "चल" म्हटल्यावरच घास तोंडात. पहिले आठ दिवस पालथ्या घड्यावर पाणी. माझा श्वास ऐकून हे अंदाज बांधायचे आणि घास आधीच तोंडात. मी ताट ओढून घ्यायची. आमची लेक जेवायला आली होती, ती म्हणाली, "आई, बाबांना काय पोपट समजलीस?" म्हटलं, पोपट लवकर शिकतो.

स्पर्धेच्या दिवशी गावाबाहेरच्या मैदानावर आठ संघ होते. आम्ही सहावे. हे चौघं ओळीत, ह्यांच्या पाठीमागे चार पावलांवर मी, आणि एका बाजूला खुर्च्यांवर पंच. मी "सुरू!" म्हणाले आणि पंचांच्या पेन्सिली खाली वाकल्या. घाबरले असेन असं वाटेल तुम्हाला, पण नाही. बसवर रोज चाळीस पोरं सांभाळते मी, चार पतंगांना काय भ्यायचं? पहिलं वळण, चौघं एकदम. जिना, एकदम. कात्रीत चार पतंग एकमेकांतून आरपार गेले तेव्हा मागून कोणीतरी "वा!" म्हणालं. ह्यांचा हात माझ्या शब्दाला धरून होता.

उरली शेवटची उतरण. चारही पतंग ओळीत खाली आणायचे आणि एका क्षणी गवतावर टेकवायचे, पंखांच्या दोन्ही टोकांवर उभे. आणि नेमका तिथे वारा पडला. माझ्या कपाळावरची बट हलायची थांबली. मी ओरडले, "मागे! मागे या!" वारा नसला की मागे चालत दोऱ्या ताणून धराव्या लागतात. चौघंही पाऊल पाऊल मागे येऊ लागले, मीही मागे सरकले. तीन पतंग ओळीत आले. ओळीच्या दुसऱ्या टोकाचा डॉक्टरांचा पतंग मात्र रेंगाळला, अजून हातभर वर. आता कोणी दुसरीकडे बघायचं नाही, शब्दाआधी ओढायचं नाही.

"उतरण," मी म्हणाले, आणि थांबले.

ह्यांचा पतंग थरथरत होता. त्याला आणखी फार वेळ तोलणं शक्य नव्हतं, ते मलाही दिसत होतं. हात ओढला असता तर तो एकटा छान उतरला असता. ह्यांची मान ताठ झाली, टाच उचलली गेली, उजवा दंड दगडासारखा झाला. मी मनात म्हणतेय, थांबा हो, थांबा, माझ्या राजा, थांब. डॉक्टरांचा पतंग ओळीत यायला किती वेळ लागला असेल? तीन क्षण? मला माझं अख्खं लग्न आठवलं तेवढ्यात. दंड हलला नाही.

"चल!"

चार पतंग टेकले आणि आवाज एकच आला.

मी तोंडावर हात ठेवून उभी राहिले. डोळे भरून आले. पंचांच्या पेन्सिली अजून कागदावरच. कारण नियम असा की "संपलं" असा पुकारा होईपर्यंत कवायत चालूच धरतात, आणि तोवर एकही पतंग पडला तर सगळी उतरण बाद. तो पुकारा द्यायचा मी, नाहीतर कॅप्टनने. आणि मला शब्दच फुटेना. तिकडे वाऱ्याविना डॉक्टरांचा पतंग एका अंगाला कलायला लागला.

"संपलं!"

फाटका, खरखरीत, लोखंडी खुर्ची फरशीवरून ओढल्यासारखा आवाज. पण वारा पडल्यामुळे मैदानावर एवढी शांतता होती की तो पंचांपर्यंत पोचला. मधल्या पंचांनी झेंडा खाली केला, म्हणजे कवायत पुरी धरली. मग डॉक्टरांचा पतंग आडवा झाला.

मी धावत गेले आणि पहिलं काय केलं असेल, तर ओरडले ह्यांच्यावर. "ओरडायचं नाही म्हणून सांगितलंय ना? नस तुटली म्हणजे? अक्कल आहे की नाही?" किल्लीवाला आणि लायब्ररीवाली एकमेकांच्या गळ्यात पडलेले. डॉक्टर नुसते हसत होते. ह्यांना माझं काही ऐकू येत नव्हतं. घसा धरून खोकले, पाणी प्यायले, मग मला दंडाला धरून जवळ ओढलं आणि लहान पोरासारखं विचारलं, "थांबलो ना गं?"

"थांबलात," मी म्हणाले, "थांबलात हो," आणि सात संघांसमोर, पंचांसमोर, हमसून हमसून रडले.