उसवलेल्या रजया

चांगलं काम करायला घराबाहेर पडलं की परत येताना सोबत एखादा किस्सा येतोच. दोन वर्षांत माझ्याकडे इतके साठलेत की मैत्रिणी म्हणतात, "नसीम, तू फारसं बोलत नाहीस ते बरंय, नाहीतर आम्हाला घरी जायला मिळालं नसतं!" पण खरं सांगायचं तर यातल्या बहुतेक किश्शांत फजिती माझीच आहे. काही आठवले की मी अजूनही वहीत तोंड लपवते.

आता आम्ही जळगावला राहतो. हे सगळं धुळ्याचं, दुष्काळाच्या वर्षातलं. मी तेव्हा नववीत होते. नावं आणि गल्ली मी बदलली आहे. आणि ज्यांनी हे वाचू नये असं मला वाटतं, त्या मुनीरा आपांना मराठी वाचता येत नाही, त्यामुळे तेवढी भीती नाही.

आपा आम्हा गल्लीतल्या मुलींना घरी कुराण शिकवायच्या. जुम्म्याला, म्हणजे शुक्रवारी, दुपारच्या नमाजनंतर धडा बंद आणि खिदमत सुरू. खिदमत म्हणजे कुणाचं तरी काम करायचं आणि त्याबद्दल काही मागायचं नाही, शाबासकीसुद्धा. आपा म्हणायच्या, "अल्लाह कामाआधी नियत बघतो."

माझी मैत्रीण रुखसाना लगेच म्हणाली, "मग आता फक्त नियत करू या आपा, काम ऊन उतरल्यावर!"

आपांना सगळ्यात मोठी काळजी होती ती हमीदा नानींची. नानींचा नवरा पिंजारी होता, कापूस पिंजून गाद्या-रजया भरायचा. तो गेल्यावर त्या एकट्याच रजया शिवून पोट भरायच्या. पण दुष्काळात नवी रजई कोण भरून घेणार? त्यांची चूल दिवसाआड पेटायची. कुणी ताट झाकून नेलं की त्या दाराआडून म्हणायच्या, "मी आत्ताच जेवले, बेटा." हे 'आत्ताच' सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालायचं!

म्हणून आपांनी ताट पाठवणं बंद केलं आणि रजया पाठवायला सुरुवात केली. आपल्याच घरातल्या चांगल्या, धड रजया. गुरुवारी आम्ही मुली त्यांच्या अंगणात बसून टाके उसवायचो आणि शुक्रवारी त्या नानींकडे शिवायला न्यायचो. मजुरी म्हणून आठवड्याची ज्वारी आणि डाळ. नानींना हे कळलं तर त्या उपाशी राहतील पण रजईला हात लावणार नाहीत, हे आपांनी आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्यामुळे सगळ्यांची तोंडं बंद!

\* \* \*

एकदा धड्यात आलं की वाटेतला दगड बाजूला करणं हासुद्धा सदका, म्हणजे दानच आहे. दुसऱ्याच दिवशी मी आणि रुखसाना दगड शोधत निघालो. छोटे दगड आम्हाला पसंत नव्हते. पिठाच्या गिरणीच्या उतारावर एक चांगला मोठा दिसला. दोघींनी जोर लावून तो गटाराकडे ढकलला आणि "बिस्मिल्लाह" म्हणून हात झटकले.

तो दगड सुकलाल नानांच्या हातगाडीच्या चाकाला लावलेला होता. गाडीवर सरकीची पोती! गाडी आधी हळूच हलली, मग निघालीच. सुकलाल नाना बिडी टाकून मागे धावले, गिरणीवाला धावला, एक कुत्रंही धावलं. शेवटी गाडी विजेच्या खांबाला टेकून थांबली.

नाना धापा टाकत परत आले. आम्ही भिंतीला चिकटून उभ्या. ते रागावतील म्हणून मी डोळे मिटले. ते म्हणाले, "पोरीहो, आज इतलंच पुण्य बस शे. बाकीनं सकाय करा!"

\* \* \*

रुखसानाला केलेलं सांगितल्याशिवाय राहवत नसे. पांझरा नदी कोरडी पडली होती, नळाला दोन-दोन दिवस पाणी नसे. तेव्हा एका शनिवारी ती आल्या आल्या म्हणाली, "आपा, काल मी सात घरी पाणी भरलं!"

आपा वरही न बघता म्हणाल्या, "सात मोजताना किती सांडलं?"

आम्ही सगळ्या हसलो. मी तर जरा जास्तच. कारण मी आठ घरी भरलं होतं आणि ते कुणी विचारेल म्हणून सकाळपासून वाट बघत होते.

\* \* \*

सरकारी दवाखान्यात बायकांच्या वॉर्डात आम्ही पत्रं लिहून द्यायला जायचो. हे काम मला आवडायचं, कारण त्यात बोलायचं कमी असतं. शिंदखेड्याकडच्या खेड्यातली एक आजी होती, पायाला प्लास्टर घातलेली. तिला मुलाला एवढंच कळवायचं होतं की मला काही नको, तू कामावरून येऊ नको.

मराठीत माझा वर्गात पहिला नंबर. इतकं साधं पत्र पाठवायला माझं मन होईना. मी लिहिलं, "चिरंजीवास अनेक आशीर्वाद. आता मला कशाचीही इच्छा उरलेली नाही. तू मजसाठी कष्ट घेऊ नकोस. सर्वांना माझा नमस्कार सांग." आजीला वाचूनही दाखवलं. ती म्हणाली, "गोड लिखं वं पोरी!"

पुढच्या शुक्रवारी आम्ही वॉर्डात शिरलो तर आजीच्या खाटेभोवती अकरा माणसं. मुलगा, सून, दोन भाऊ, सगळे एस.टी.ने रडत आलेले. कुणीतरी पांढरं कापडही आणलं होतं! आणि मधोमध आजी बसून ओरडत होती, "रडतस कसाले? मी जित्ती शे ना!"

मुलाने खिशातून पत्र काढलं आणि विचारलं, "हे कोणी लिखं?"

रुखसानाने माझ्याकडे बोट दाखवलं. मी खाटेखाली शिरले असते, पण खाली भांडी होती.

\* \* \*

आपांची नणंद दोंडाईच्याहून पाहुणी आली. येताना स्वतःची नवीकोरी रजई घेऊन आली, दुसऱ्याचं अंथरूण-पांघरूण तिला चालत नसे. गुरुवारी ती बाजारात गेली आणि रुखसानाने ढिगातली सगळ्यात वरची रजई ओढून उसवायला घेतली.

ती पाहुणीची आहे हे मला माहीत होतं. मी सांगणार होते. पण अंगणात आपांचे सासरे येऊन बसले होते आणि त्यांच्यासमोर मोठ्याने बोलायची मला लाज वाटली. सांगू, सांगू म्हणताना शेवटचा टाकाही निघाला!

नणंद परत आली. समोर कापसाचा ढीग. "हाय अल्लाह! ये क्या किया?"

आपा शांतपणे म्हणाल्या, "पोरींचं चुकलं. पण काळजी करू नकोस. पलीकडे हमीदा बी राहतात. त्यांच्या हातचा टाका एकदा बघ."

नणंदेने तो बघितला. इतका बघितला की दोंडाईच्याला गेल्यावर तिने आणखी दोन रजया पाठवल्या, खरोखरच फाटलेल्या. नानींना त्या वर्षात मिळालेलं ते पहिलं खरं काम.

रुखसाना म्हणाली, "आपा, पुढची पाहुणी कधी येणार?"

\* \* \*

आता माझा किस्सा. इथपर्यंत मी हसत लिहिलं, पुढचं तसं लिहिता येत नाही.

शाळेत निबंधाची स्पर्धा होती. विषय, 'मी केलेले समाजकार्य'. अनुभव खरा हवा अशी अट होती. मी रजयांवर लिहिलं. नानींचं नाव लिहिलं नाही. 'एक वृद्ध पिंजारीण' असं लिहिलं आणि मला वाटलं झाकलं गेलं. आपांचंही नाव लिहिलं नाही. म्हणजे युक्ती कुणाची ठरली? माझी! 'एके दिवशी माझ्या मनात विचार आला' असं वाक्य मी लिहिलं. ते वाक्य मला इतकं आवडलं की मी त्याखाली रेघही मारली.

पहिला नंबर आला. मराठीच्या बाईंनी प्रार्थनेनंतर निबंध सगळ्या शाळेसमोर वाचला आणि मला फाउंटन पेन दिलं. टाळ्या चालू असताना मला सातवीच्या रांगेत नानींच्या शेजारची मुलगी दिसली. ती टाळ्या वाजवत नव्हती. माझ्याकडे टक लावून बघत होती.

संध्याकाळी नानींनी हातातली अर्धी शिवलेली रजई आपांच्या ओट्यावर आणून ठेवली. त्यावर आठवड्याच्या ज्वारीची पिशवी, गाठसुद्धा न सोडलेली. दुसऱ्या दिवशी आपा स्वतः ताट घेऊन गेल्या. आतून आवाज आला, "मी आत्ताच जेवले, मुनीरा."

आपा मला रागावल्या नाहीत. धड्याला प्रत्येकीला वाचायला सांगितलं, माझी पाळी आली तेव्हा माझ्या पलीकडच्या मुलीला म्हणाल्या, "तू वाच." त्यापेक्षा त्यांनी मारलं असतं तर बरं झालं असतं. नानींच्या चुलीतून धूर निघतो का, हे मी तीन दिवस गच्चीवरून बघत होते. निघाला नाही.

चौथ्या दिवशी मी मराठीच्या तासाला उभी राहिले. मी आपणहून उभी राहिले असं शाळेत कधी झालं नव्हतं, त्यामुळे बाईंना वाटलं मला बरं वाटत नाहीये.

मी म्हटलं, "बाई, निबंधातलं ते मी केलेलं नाही." हे खरं होतं. विचार माझ्या मनात आलाच नव्हता.

बाई म्हणाल्या, "म्हणजे सगळं मनाने रचलंस? ती म्हातारी, त्या रजया, सगळं?"

इथे 'नाही' म्हणायला हवं होतं. मी मान खाली घातली. बाईंनी त्याचा जो अर्थ घ्यायचा तो घेतला. मी तो घेऊ दिला. हे खोटं बोलणं झालं का, हे मी आजपर्यंत कुणाला विचारलेलं नाही.

पेन परत गेलं. "इतकी शांत मुलगी, आणि इतकी खोटारडी!" असं बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या. उरलेला तास मी वर्गाबाहेर उभी. मधल्या सुट्टीत सातवीच्या मुली जिन्यातून जाताना कुजबुजत होत्या, "हीच ती. सगळं बनवून लिहिते!" त्यांत नानींच्या शेजारची मुलगीही होती.

\* \* \*

निबंध खोटा निघाल्याची बातमी गल्लीभर पोचली. त्या शुक्रवारी आपांनी एक उसवलेली रजई माझ्याच डोक्यावर दिली. "जा," एवढंच म्हणाल्या.

मी नानींच्या दारात उभी राहिले. हाक मारायला तोंड उघडेना. किती वेळ उभी होते कोण जाणे, शेजारच्या बकरीने रजईचं टोक चावायला घेतलं.

तेवढ्यात दार उघडलं. नानी म्हणाल्या, "बकरीला खिलवायला आणलीस का मला शिवायला?"

मी आत गेले. त्या वाळल्या होत्या, बांगडी कोपरापर्यंत जात होती. मला म्हणायचं होतं, नानी, माफ करा. त्याऐवजी मी म्हटलं, "आपांनी सांगितलंय, ही खूप उसवलीय."

"तो तुझा निबंध," त्या चष्म्याची दोरी कानाला गुंडाळत म्हणाल्या, "खोटा निघाला म्हणे."

"हो नानी."

"शाळेत खूप बोलले?"

मी मान हलवली. मग रडूच आलं. त्यांनी मला रडू दिलं. रजई मांडीवर घेतली, उलटी केली, सुलटी केली, शिवणीवरून अंगठा फिरवला. आणि हसायला लागल्या. मी रडतेय आणि त्या हसतायत! हसता हसता त्यांना खोकला आला, मी मडक्यातलं पाणी दिलं.

"ही हिरव्या काठाची," त्या म्हणाल्या, "पावसाळ्यापासून ही मी पाचव्यांदा शिवतेय. आपला टाका आपल्याला ओळखू येत नाही होय, बेटा? फक्त ते गल्लीला कळायला नको होतं."

मी डोळे पुसून तो टाका बघायला वाकले.

त्यांनी सुईत दोरा ओवला, गाठ मारली आणि बोट माझ्या नाकासमोर नाचवून म्हणाल्या, "पण मुनीराला सांगायचं नाही! तिला किती बरं वाटतं!"