रेघकाकांनी पेटवलेलं युद्ध

रेघकाकांच्या घरी रविवारी सकाळी जेवढं दूध तापायचं, तेवढं एखाद्या डेअरीतही तापत नसेल. वाचनालयाच्या ओट्यावर निवृत्त मंडळी जमली, चहा आला, गुडघेदुखीपासून सुनांपर्यंतचे विषय निघाले, की काका रंगात यायचे. पण कुणी तीस वर्षांपूर्वीच्या त्या युद्धाचं नाव काढलं रे काढलं, की त्यांचे पाय चपला शोधायला लागायचे.

"निघतो. गॅसवर दूध ठेवलंय."

"अहो, काकू घरी नाहीत का?" मास्तर विचारायचे.

"आहे ना. तिला दूध वर आलेलं कळत नाही."

असं म्हणून काका रस्त्याला लागायचे. काकूंच्या कानावर हे एकदाही गेलं नाही, ही गल्लीची कृपा. गेलं असतं, तर दुधाऐवजी काका उतू गेले असते.

रेघकाका हे नाव गल्लीनं ठेवलेलं. छत्तीस वर्षं सर्व्हे ऑफिसात ड्राफ्ट्समन. माणूस असा, की वाण्याच्या यादीखालीसुद्धा पट्टी लावून रेघ मारणार, आणि लग्नाच्या पत्रिकेत मजकूर दोन सूत डावीकडे सरकलाय म्हणून जेवताना हळहळणार. अशा माणसाच्या हातून आयुष्यात एकच रेघ चुकली, आणि ती कुठे चुकावी? देशाच्या सरहद्दीवर!

झालं होतं ते असं. जानेवारीत त्यांच्या टेबलावर नकाशाची एक जुनी शीट आली, नव्यानं काढायला. सरहद्द एका ओढ्यावरून जात होती. ओढ्याला मध्येच दोन फाटे फुटून ते पुढे पुन्हा एकत्र येत होते, आणि दोन फाट्यांच्या बेचक्यात एक टेकडी. जुन्या शीटवर सरहद्द दक्षिणेच्या फाट्यावरून होती, म्हणजे टेकडी पलीकडच्यांची. काकांनी ट्रेसिंग कागद अंथरला, टाक शाईत बुडवला आणि रेघ-टिंब, रेघ-टिंब करत उत्तरेच्या फाट्यावरून निघाले. त्या दिवशी घरी धाकटीला ताप होता. चित्त तिकडे, हात इकडे. शीट तपासायला गेली, तपासनिसानं सही ठोकली, काकांच्या टेबलावर दुसरा कागद आला.

जूनमध्ये त्याच टेकडीवर युद्ध पेटलं. महिनाअखेरीस वर्तमानपत्रात फोटो आला. एक मंत्रिमहोदय छडी घेऊन उभे आणि छडीचं टोक बरोबर काकांच्या रेघेवर. 'टेकडी आपलीच! हा घ्या नकाशा!' काका चहा तसाच ठेवून निघाले. ऑफिसात जाऊन त्यांनी जुनी शीट गुपचूप काढून पाहिली, आणि ती चुकलेली रेघ जी मनात बसली ती तीस वर्षं हलली नाही. कुणाला सांगणार? साहेबाला सांगावं तर नोकरी, बायकोला सांगावं तर तिची झोप. युद्ध चार महिने चाललं. माणसं गेली. टेकडी शेवटी होती तिथेच राहिली, पलीकडच्यांकडे.

ओट्यावर या युद्धावरून दोन तट होते. एकीकडे मास्तर, आयुष्यभर इतिहास शिकवून दमलेले आणि तरीही न थांबलेले. दुसरीकडे मेजर. ते सैन्यातून हवालदार म्हणूनच बाहेर पडले होते, पण गल्लीनं त्यांना आपल्या अधिकारात बढती दिली होती. त्याच टेकडीवर त्यांनी डाव्या हाताची दोन बोटं ठेवली होती.

"सरकार पडायला आलं होतं," मास्तर बोटांवर मोजत सांगायचे. "रेल्वेचा संप, भाव गगनाला भिडलेले. पलीकडेही तीच गत. दोघांनाही लोकांचं लक्ष वळवायला काहीतरी हवं होतं. बोलणी करू या असं पत्र आलं, तर उत्तर कुणी द्यायचं यावर दोन मंत्री एकोणीस दिवस भांडत बसले!"

"ते आपल्या टेकडीवर आले होते, मास्तर! मी काय तिथे हवापालट करायला गेलो होतो?"

"त्यांच्या टेकडीवर ते येणार नाहीत तर कोण येणार?"

इथवर आलं, की एक चहा सांडायचा आणि काका दुधाला निघायचे.

अशात एके दिवशी वर्तमानपत्रात बातमी आली, की त्या युद्धाचा चौकशी अहवाल इतकी वर्षं कुलपात होता, तो खुला झाला. वाचनालयाच्या ग्रंथपालबाई खटपटी. त्यांनी त्याचे तीन जाडजूड खंड मागवले. मास्तरांनी आठवडाभर त्यात डोकं घातलं आणि रविवारी सगळ्यांना आत, वाचनाच्या लांब टेबलाशी बसवलं. त्या दिवशी नेमक्या काकूही मासिक बदलायला आल्या होत्या.

"यात नकाशावर एक वेगळं प्रकरण आहे," मास्तर म्हणाले. "मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. रेघकाका, हा तुमचा प्रांत. समजावून सांगा."

त्यांनी घडीचा कागद उलगडला. शीटचा क्रमांक वाचायचीही गरज नव्हती. आपल्या हाताची टिंबं माणूस ओळखतो. काका उठले.

"मी निघतो. गॅसवर दूध..."

"कसलं दूध?" मासिकांच्या कपाटामागून काकू म्हणाल्या. "दूध तापवून, गाळून, झाकून आलेय मी. बसा निवांत."

घोडं अडलं. काका बसले. चष्मा पुसला, पुन्हा पुसला. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते, आणि मेजरांचा डावा हात टेबलावर होता, तीन बोटांचा. काकांनी त्या हाताकडे पाहिलं आणि त्यांना पुढचा एक रविवारही लपवणं जमेना.

"ही रेघ माझी आहे," ते म्हणाले. "चुकलेली आहे. दक्षिणेनं जायला हवी होती, मी उत्तरेनं काढली. युद्ध... मेजर, तुमची बोटं माझ्यामुळे गेली."

ग्रंथपालबाईंनी शिक्का हवेतच धरला.

"कधी काढलीत?" मास्तरांनी विचारलं. आवाज एकदम परीक्षेच्या हॉलमधला.

"जानेवारीत. त्याच वर्षी."

मास्तर खंड पहिला उघडून भराभर पानं उलटू लागले. "हे बघा. टेकडी घ्यायची असं बंद दाराआड ठरलं ते आदल्या नोव्हेंबरात. तारीख आहे, सह्या आहेत. तेव्हा तुमचा टाक कुठे होता?"

"कपाटात," काका पुटपुटले.

"आता खंड तिसरा. तुमची शीट छपाईसाठी पडून राहिली. यंत्र बंद, मग कागद नाही. छापून बाहेर आली एकवीस जूनला. मेजर, तुम्ही टेकडी कधी चढलात?"

"दोन तारखेला. पहाटे."

"म्हणजे एकोणीस दिवस आधी! पुरावा काय म्हणून जगानं विचारल्यावर यांची शोधाशोध सुरू झाली, आणि हा ताजा कागद हाताला लागला. इथे चक्क लिहिलंय. जुनी शीट चौघांनी पाहिली होती आणि चौघंही गप्प बसले."

"पण मीही गप्पच बसलो की," काका म्हणाले.

"बसलात. ते तुमचं चुकलंच. बोलला असतात तर त्या मंत्र्याची छडी तरी खाली आली असती," मास्तर म्हणाले. ते उगाच कुणाला मार्क वाढवून देणाऱ्यातले नव्हते. "पण युद्ध तुम्ही लावलं म्हणता, ते साफ चूक. कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडली, एवढंच."

"कसली गाठ!" मेजर एकदम म्हणाले. "फांदी तुटून जमिनीवर पडली, त्यानंतर हा कावळा आला!"

पहिल्यांदा ग्रंथपालबाई हसल्या, मग मास्तर. काकांना हसावं की रडावं कळेना, म्हणून त्यांनी दोन्ही थोडं थोडं केलं.

मेजर मात्र हसून झाल्यावर त्या कागदाकडे बघत राहिले. "माझ्या खिशात जुनी शीट होती," ते हळू म्हणाले. "टेकडी रेघेपलीकडे दिसत होती. साहेबांना विचारलं. ते म्हणाले, वरून हुकूम आहे, नकाशा घडी करून ठेव. ठेवला. मास्तर, तुमच्याशी इतकी वर्षं भांडलो ना, ते खरं म्हणजे माझ्याशीच भांडत होतो. टेकडी आपली नव्हती म्हटलं, तर बोटं कशापायी गेली हे कुणाला विचारायचं?"

मास्तरांनी खंड दुसरा मेजरांपुढे सरकवला. "कुणाला विचारायचं त्यांची नावं यात आहेत."

"आणि तुम्ही हो, काका!" मेजर नाक ओढून म्हणाले. "तुम्हाला काय वाटलं, तुमच्या टाकाला विचारून तोफा उडतात? ड्राफ्ट्समनला इतका मान असता, तर मी सैन्यात कशाला गेलो असतो?"

मग काका जे सुटले! तीस वर्षांची मतं साठलेली. पेन्सिल घेऊन त्यांनी दोन फाटे काढून दाखवले, त्या मंत्र्याच्या छडी धरण्याच्या पद्धतीपासून एकोणीस दिवस पडून राहिलेल्या पत्रापर्यंत एकेकाचा समाचार घेतला, मास्तरांना दोनदा मध्येच तोडलं, आणि टेबलावर अशी मूठ आपटली, की ग्रंथपालबाईंना 'शांतता राखा'च्या पाटीकडे बोट दाखवावं लागलं. एकची घंटा झाली तेव्हा सगळ्यांना अक्षरशः बाहेर काढावं लागलं.

घरी जाताना कोपऱ्यावर आल्यावर काकू म्हणाल्या, "म्हणजे दरवर्षी जून आला, की तुम्ही उसासे टाकायचात, जेवण जायचं नाही, गच्चीत फेऱ्या घालायचात, ते सगळं या रेघेपायी?"

"मग? तुला काय वाटलं?"

"मला वाटलं, तुमच्या ऑफिसातली ती टायपिस्ट."

काका रस्त्याच्या मधोमध थांबले. "कोण? अगं, त्या माझ्याहून चौदा वर्षांनी मोठ्या होत्या!"

"म्हणून तर मी इतकी वर्षं काही बोलले नाही. म्हटलं, जूनमध्ये तिची बदली झाली असेल, होईल आपोआप शांत."

काकूंना हसू आवरेना. एका हातात मासिक, दुसऱ्यानं डोळे पुसताहेत. मागून स्कूटरवाला हॉर्न वाजवत होता, त्याला त्यांनी हातानंच थांब म्हटलं. काका आधी थोडे रागावले, मग त्यांच्या लक्षात आलं, की आज आपण दोघंही एकाच वेळी सुटलो. रस्ता ओलांडताना त्यांनी काकूंचा हात धरला. भर दुपारी, गल्लीदेखत.